फरशीवरचा धुरा

३ डिसेंबर

आलो एकदाचे! नागपूर सोडताना हर्षल म्हणाला होता, जेवायच्या वेळेला पोचू. मग सावनेरला चहा, सौंसरला समोसे, रामाकोन्याच्या फाट्यावर वाट चुकून पुन्हा चहा, असं करत दुपार कलली. माझा नवरा मोबाइलवर नकाशा बघतो, शिवाय पानटपरीवर रस्ताही विचारतो, आणि दोघांचंही न ऐकता तिसरीकडेच गाडी घालतो. मी चिडले, मग हसले. आमचं हे नेहमीचंच. माझा राग कायम नाकावर, आणि हर्षलचा कुठे असतो हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला सापडलेलं नाही. बँकेतली नोकरी सोडून माझ्या मागे या आडरानात आला, तेही शीळ घालत.

इमारत पाहिली आणि सगळा शीण गेला. लांबलचक, दगडी, कन्हान नदीकडे पाठ करून बसलेली. जाड भिंती, बारक्या खिडक्या, छत इतकं खाली की हर्षलला तुळईखालून जाताना मान वाकवावी लागते. एका टोकाला दाणे भिजवायचा हौद, दुसऱ्या टोकाला भट्टी, आणि मध्ये आरपार पसरलेली गुळगुळीत काळी फरशी. गावात याला नुसती जुनी भट्टी म्हणतात. इंग्रजांच्या वेळी कामठीच्या गोऱ्या पलटणीच्या बिअरसाठी इथे माल्ट व्हायचं. पुढे म्हणे लहान मुलांच्या पौष्टिक पिठासाठीही होत होतं. मग कुलूप लागलं ते लागलंच.

ते कुलूप मोरेश्वरकाकांनी उघडलं. काका पांढुर्ण्याचे संत्र्याचे व्यापारी, आता माझे मालक. हातानं केलेल्या माल्टला मोठी मागणी आहे हे त्यांनी कुठेतरी ऐकलं आणि नाशिकच्या कारखान्यात यंत्रांची बटणं दाबून कंटाळलेली मी त्यांना सापडले. काकांच्या कपाळावर गोटमारीतल्या, म्हणजे पोळ्यानंतर दोन गावं एकमेकांवर दगडफेक करतात त्या जत्रेतल्या, दगडाची खूण आहे, ती ते दागिन्यासारखी दाखवतात. "बेटा, तू फक्त माल बनव," म्हणाले, "बाकीचं मी पाहून घेतो." जाताना संत्र्यांची अख्खी पेटी ठेवून गेले. आम्ही पायरीवर बसून ती निम्मी संपवली. मी फार खूश आहे.

८ डिसेंबर

काम सुरू! बार्लीचा पहिला घाणा हौदातून निघून फरशीवर आला. इथले लोक तिला जौ म्हणतात.

हर्षलला सगळं समजावून सांगितलं. आपल्या घरी नाचणीसत्त्व करतात त्याचंच हे मोठं भावंड. दाणा भिजवायचा, त्याला वाटू द्यायचं की आता उगवायची वेळ झाली. तो आतल्या पिठाची साखर करायला घेतो, मुळं काढतो. आणि तो कोंब होऊन ती साखर खाऊन टाकायच्या आत त्याला भट्टीवर वाळवून मारायचं. बिअर, व्हिस्की, दुधात घालायची पावडर, सगळं त्या साखरेवर. हर्षल म्हणाला, ऐकायला फार क्रूर आहे हे. मी म्हटलं, बिअर पिताना बरं आठवत नाही तुला!

खरी मेहनत पालटण्याची. पसरलेली बार्ली आतून तापते, मुळं एकमेकांत गुंततात. सकाळ-संध्याकाळ लाकडी फावड्यानं ती उचलून हलकी उडवायची, अनवाणी, मागे मागे सरकत, म्हणजे दाणा चिरडत नाही. आळस केला तर सगळ्याची मिळून गादी होते आणि माल वाया. माझा एकच नियम आहे, माझ्या फरशीवर एकही दाणा न पालटता राहता कामा नये. फावडं कडेपर्यंत गेलंच पाहिजे. हर्षल हे इतक्या भक्तिभावानं शिकला की आता दर ओळीला मान वर करून विचारतो, "कडेपर्यंत?" आणि मी ओरडते, "कडेपर्यंत!" कामगार बाया तोंडाला पदर लावून हसतात.

खोलीत ओल्या काकडीचा वास भरून राहिला आहे. इतकं चांगलं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

१२ डिसेंबर

आज डोक्यात तिडीक गेली.

इथे पालटायला दोन टोळ्या आहेत. नदीकडच्या भिंतीपासून दादारावची, सडकेकडच्या भिंतीपासून शोभाची. दोघं बोरगावचे, सख्खे भाऊबहीण. दादारावच्या तोंडात सदा तंबाखूचा खर्रा, शोभाची जीभ सदा चालू, जेवतात मात्र एकाच डब्यातून. दोन्ही टोळ्या मधोमध येतात आणि थांबतात. दारापासून भट्टीपर्यंत, माणूस निजेल एवढी रुंद पट्टी तशीच सोडून देतात. मला आधी वाटलं, कामचुकारपणा, दोन-तीनदा बोललेही. मी म्हटलं, ती पालटा. कोणी हललं नाही.

दादाराव म्हणाला, "मॅडम, तो धुरा हाय. धुऱ्याले हात नाई लावत."

धुरा म्हणजे आम्ही नाशिककडे ज्याला बांध म्हणतो तो, दोन शेतांमधला. धुरा कोरला म्हणून इकडे डोकी फुटतात, हे काकांनीही सांगितलं होतं. पण फरशीवर कसला धुरा? दादारावनं सकाळी एक कारण दिलं, जेवल्यावर दुसरं. आज्याच्या वेळी एका साहेबानं जबरदस्तीनं ती पट्टी पालटून घेतली, आणि त्या हंगामात फरशी धुवायला हौदाचं पाणी पुरलं नाही म्हणे. मी विचारलं, मग कुलूप त्यामुळे लागलं का? तो पिंक टाकायला बाहेर गेला.

शोभा सरळ बोलली. "आमी देव-भूत काई मानत नाई, मॅडम. पन इकडचे इकडं, तिकडचे तिकडं. मधात काईतरी पायजे ना. नाई त मानूस मानसाच्या अंगावर येते." घाणा संपला की त्या पट्टीची झालेली गादी विळ्यानं कापून कन्हानेत सोडायची, एवढंच त्यांचं म्हणणं.

एवढंच! फरशीच्या मधोमध माझा माल कुजतोय आणि मी तो नदीला वाहू? हर्षल म्हणाला, सोड ना, त्यांची पद्धत आहे. मी त्याच्यावरही भडकले.

१३ डिसेंबर

पालटला. मीच पालटला.

टोळ्यांनी फावडी भिंतीला टेकवली आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मी सडकेच्या बाजूनं शिरले, हर्षलला नदीच्या बाजूनं उभं केलं. पट्टीतली मुळं इतकी घट्ट विणली गेली होती की फावडं आत जाईना. शेवटी हातांनी ओढली. जाड कापड फाटावं तसा आवाज झाला. खालच्या मुळ्या फरशीच्या सांध्यांत शिरल्या होत्या, त्या तुटताना बोटांना ओढ जाणवली. खाली दगड कोमट होता. तापलेल्या धान्याखालचा दगड कोमटच असणार.

मधोमध माझं आणि हर्षलचं फावडं एकमेकांवर आपटलं. "कडेपर्यंत?" तो म्हणाला. "आता कडच नाही राहिली," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं हसलो.

वळून पाहिलं तर शोभा दादारावकडे बघत होती आणि दादाराव शोभाकडे. कोणीच हसत नव्हतं. दादारावनं तोंडातला खर्रा तिथेच, माझ्या फरशीवर थुंकला. बहिणीच्या पायाशी.

१६ डिसेंबर

माल्ट अप्रतिम झालंय. भट्टीतून काढलं तेव्हा भाजलेल्या बिस्किटांचा वास अंगणापर्यंत गेला. काकांनी मूठभर तोंडात टाकून डोळे मिटले. दुसरा घाणा फरशीवर आहे, आणि यात धुराबिरा काही नाही. दोन्ही टोळ्या मधोमध एकमेकांना भिडतात.

भिडतात हाच शब्द खरा. फावडी आपटतात आणि कोणी मागे होत नाही. डबे वेगळे झालेत. आज मुकुंदनं, म्हणजे शोभाच्या टोळीतल्या पोरसवदा गड्यानं, पलीकडच्या एकाचा कान दातांनी धरला. सोडवायला चौघं लागले. कारण विचारलं तर म्हणाला, "तो इकडं येऊन राह्यला होता."

नदीकडची माणसं कमी पडतात म्हणून हर्षल तिकडे पालटतो. मी सडकेकडे.

संध्याकाळी चहा पिताना त्यानं शीळ घातली. रोज घालतो. मी स्टीलचा पेला त्याच्या डोक्यावर फेकला. नेम थोडक्यात चुकला, भिंतीचा पोपडा उडाला. मी लगेच रडले, त्याचे पाय धरले. त्यानं मला जवळ घेतलं. पण खोटं कशाला लिहू, पेला हातातून सुटला तेव्हा हाताला फार बरं वाटलं होतं.

१९ डिसेंबर

शोभानं फावडं दादारावच्या पायावर मारलं. लागलं नाही, मारलं. पात्याच्या झिजून सुरी झालेल्या धारेनं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तुटून बार्लीत पडलं. तो ओरडला नाही. तिनं पुन्हा फावडं उचललं आणि पुढची ओळ पालटायला घेतली, आणि सगळ्यांनी घेतली. मीसुद्धा. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर मला समजलं की मी लाल दाणे उडवते आहे.

हर्षलनं दादारावला गाडीत घालून सौंसरच्या दवाखान्यात नेलं. दुपारी दादाराव परत आला, पायाला हे एवढं बँडेज. मी घरी जा म्हटलं. भिंतीपाशी जाऊन त्यानं आपलं फावडं घेतलं.

मी घाबरले आहे. चूक माझी आहे आणि ती मलाच निस्तरायची आहे. संध्याकाळी मी सगळ्यांसमोर सांगितलं, उद्यापासून धुरा सोडायचा. शोभा रडायला लागली. "आता कायले सोडता, मॅडम? आता नाई धरत तो."

२० डिसेंबर

खरंच धरत नाही. पट्टी सोडली. बाकी फरशीभर मोड, पट्टीतले दाणे मात्र मेलेले, कोरडे, एकालाही मूळ नाही. दुपारपर्यंत दोन्हीकडच्या फावड्यांनी ती खाऊन टाकली. माझं फावडंही होतं त्यात. मी ठरवून आले होते की हात लावणार नाही.

हर्षलच्या ओठातून रक्त येत होतं. विचारलं, कोणी मारलं? तो म्हणाला, तू. मघाशी.

मला आठवत नाही.

२१ डिसेंबर

काका आले. पोटतिडकीनं आले, दादारावच्या पायाचं कळल्यामुळे. काम बंद म्हणाले, फावडी खाली ठेवा म्हणाले, आणि समजूत घालायला फरशीच्या अगदी मधोमध जाऊन उभे राहिले. दोन्ही हात वर करून.

दोन्ही बाजूंनी एकदमच सुरुवात झाली. लाकडी फावड्याचा आवाज मऊ असतो. काका आधी माझं नाव घेत होते, बेटा, बेटा म्हणत होते. मग दात गेल्यावर शब्द कळेनात. गोटमारीच्या खुणेवर जो घाव बसला तो कुणाचा, हे मला माहीत आहे. माझ्या फावड्याच्या दांडक्याला तडा गेलाय.

ते आडवे पडले. दारापासून भट्टीच्या दिशेनं, बरोबर पट्टीच्या जागेवर.

आणि थांबलं. सगळं. माझे खांदे खाली आले, आठवडाभर डोक्यात चाललेली गुणगुण गेली. दादारावनं शोभाकडे पाहिलं आणि लहान मुलासारखा हंबरडा फोडला. तिनं पळत जाऊन त्याचं तोंड पदरानं पुसलं. हर्षल माझ्याकडे बघत होता, माझा हर्षल, त्याच्या नेहमीच्या डोळ्यांनी.

काकांचा श्वास चालू होता. उचलायला गेलो तर उचलेनात. पाठीखालच्या दाण्यांना मुळं फुटली होती, सदऱ्यातून आत गेलेली. विळ्यानं कापावी लागली, कातडीसकट.

गाडीत घालून हर्षलनं नागपूरला पोचवलं. घरच्यांना माळ्यावरून पडले असं सांगितलं. वाचतील म्हणे.

काकांना दाराबाहेर काढलं तेव्हाच माझ्या मागे पुन्हा फावडं वाजलं होतं.

२२ डिसेंबर

टोळ्या आल्या नाहीत. मुकुंद फाट्यावर दिसला होता, मला बघून शेतातून पळाला. फक्त दादाराव आणि शोभा आले. एकमेकांशिवाय त्यांना दुसरीकडे जाताच येत नाही—

मी दारात होते. अडवायला हवं होतं. मी शोभाच्या बाजूनं ओरडत होते, मार, मार म्हणत होते.

दादाराव नदीकडच्या भिंतीशी पडला. त्याचं तोंड राहिलेलं नाही. तो मधे पडला असता तर—पण तो आपल्याच बाजूला मेला, तिथे त्याचा उपयोग नाही. हे मी काय लिहिते आहे?

शोभा पायरीवर बसून हौदाच्या पाण्यानं फावडं धूत होती. मग नदीकडे चालत गेली. परत आली नाही.

पोलिसांना फोन करायला हवा. हर्षल म्हणतो, दोन्ही फोन तूच हौदात टाकलेस.

२३ डिसेंबर

पळायचं ठरवलं. सकाळीच निघालो. गाडीत तो शेजारी, अगदी शेजारी. पुलापर्यंत गेलो असू—मी त्याचा गळा धरला. त्यानं माझं डोकं काचेवर आपटलं. त्यानं! माझ्या हर्षलनं, ज्याला राग येत नाही. काच फुटली, कपाळ फुटलं, आणि तो शीळ घालत होता.

बाहेर आमच्यामध्ये काहीच नसतं. इथे निदान तो नदीकडे आणि मी सडकेकडे.

परत आलो. त्याच्या खांद्याचं हाड मी मोडलंय. एका हातानं पालटतोय.

त्याला वाचवायचंय. बाकी काही नको मला. त्याला वाचवायचं—

२४ डिसेंबर

समजलं. मधे कुणीतरी लागतं. धान्य आता पुरत नाही.

तो तरी, नाही तर मी.

मीच. धुरा मी फाडला होता.

त्याला सांगितलं, आजपासून धुरा सोडायचा, काही झालं तरी मधल्या पट्टीला हात लावायचा नाही. मान हलवली त्यानं. आणखी काही सांगितलं नाही. आडवं होऊ दिलं नसतं त्यानं मला.

तो भट्टी पेटवायला गेलाय. आता.

२४, दुपार

आडवी झाले. दारापासून भट्टीकडे. वर धान्य ओढून घेतलं, हात तेवढा मोकळा ठेवलाय, आणि वही.

कोमट आहे. काकडीचा वास. मुळं पाठीत शिरताहेत, मानेत, दुखत नाही फारसं—

राग गेला. सगळा गेला. हर्षल, राग गेला रे. आता तुलाही नाही येणार. काका बरे होतील. तू नाशिकला जा, आईकडे जा, बँकेत

शीळ. आलाय तो. छान घालतोय, पहिल्यासारखी. म्हणजे झालं. धरला धुरा.

फावडं घेतलं त्यानं.

नदीकडची भिंत. पहिली ओळ. एका हातानं, तरी सरळ. मीच शिकवलंय.

दुसरी.

थांब हर्षल. पट्टीशी थांब. सांगितलंय तुला—ओठांवर मुळं—उघडत नाहीत—

अगदी जवळ. फरशीवर पातं घासतंय, कानाशी. मला दिसतोय. वही दिसत नाही का त्याला? हात हलवते आहे. तो बघतोय. बघतोय आणि हसतोय, आणि नेहमीसारखी मान वर करून विचारतोय, कडेपर्यंत?

नाही म्हणायचंय. नाही. हर्षल ना